दाटीतली जागा

१

बसमध्ये कितीही गर्दी असो, ठमीला बसायला जागा मिळायचीच. ओळख ना पाळख, ती आधी हसायची. मग म्हणायची, "सरका हो जरा, दोघी आहोत आम्ही." आणि सख्ख्या भावासाठीही हलणार नाहीत अशी माणसं अंग चोरून तिला जागा करून द्यायची. बूड टेकलं की शेजारच्या वीतभर फळीवर थाप मारून ती बहिणीला हाक घालायची, "ये ताई, बस. पुरतंय दोघींना."

ताई बसायची नाही. दांडीला धरून उभी राहायची. "कामावर जाताना बसलं की अंग बसतं," म्हणायची. कामावर पोचल्यावरही ती बसत नसे. डबासुद्धा उभ्याउभ्या खायची.

या ताईला कामावरचे सगळे करवत म्हणत. तोंडावर नाही, एवढी छाती कुणाची नव्हती. पण तिला ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं. शाळा चार इयत्ता, पण बोलायला लागली की समोरच्याचे दोन तुकडे. समोरचा बोलत असतानाच मध्ये तोंड घालायची, आणि शेवटचा शब्द तिचाच असायचा. आई गेली तेव्हा ठमी फ्रॉकात होती. करवतीनं तिचे केस विंचरले, तिच्या वाटच्या मारामाऱ्या केल्या, तिचं लग्न लावलं. पुढे ठमीचा नवरा वारला तेव्हा करवत तिच्या सासरच्या दारात उभी राहून म्हणाली, "सामान बांध. बोलणीच खायची तर माझी खा, निदान घरची तरी आहेत." मग मुकादमाच्या हात धुऊन मागे लागून तिनं बहिणीला आपल्याच कामावर चिकटवून घेतलं. जगात करवतीचं म्हणावं असं एकच माणूस होतं, आणि ते बसमध्ये परक्यांशी हसत बसलेलं असायचं.

काम होतं जुन्या दफनभूमीत, गवत काढायचं.

२

शहरातली सगळ्यात जुनी सार्वजनिक दफनभूमी ती. ज्यानं कुणी ती आखली, त्याच्या डोक्यात मेलेली माणसं नव्हतीच, बाग होती. लोखंडी फाटकातून आत शिरलं की उंच काळपट झाडांची दुहेरी रांग, सरळ. तिच्या टोकाला मोठं वर्तुळ आणि त्यात दगडाचं कोरडं कारंजं. वर्तुळातून चाकाच्या आऱ्यांसारख्या वाटा फुटलेल्या. पण एकही वाट सरळ जायची नाही. प्रत्येक जरा पुढे जाऊन वळायची, म्हणजे चालणाऱ्याला पुढचं दिसू नये आणि चालतच राहावंसं वाटावं. मागे टेकडी, तिच्यावर पायऱ्यापायऱ्यांनी चढत गेलेली थडगी. वरच्या पायरीवर पैसेवाले, संगमरवर, घुमट, बसायला बाक. मेल्यावर माणसात फरक उरत नाही असं ज्याला वाटतं, त्यानं पावसाळ्यात एकदा इथं यावं. वरच्यांचं पाणी खालच्यांच्या उशाशी येऊन साचतं.

अगदी खाली, मागच्या भिंतीशी, होती दाटी. हे नाव कामाच्या बायकांनी ठेवलेलं. जुन्या काळी कसलीशी साथ आली तेव्हा जागा पुरेना, म्हणून माणसं खांद्याला खांदा लावून पुरलेली. बुटके करडे दगड, नावं कधीच पुसून गेलेली, आणि एकमेकांना इतके खेटून उभे की जणू गच्च भरलेली बस.

कामाचे नियम मुकादमाच्या खोलीत फळ्यावर लिहिलेले होते. एक तेवढा लिहिलेला नव्हता. तो करवतीला सांगितला होता तिच्या आधीपासून तिथं काम करणाऱ्या म्हातारीनं, विळा हातात देताना.

"घरातून निघताना आपण जाते म्हणत नाही. काय म्हणतो?"

"येते."

"इथं उलटं. इथून निघताना जाते म्हणायचं. काहीच नाही बोललीस तर उत्तम. पण यांच्याकडे तोंड करून येते म्हणायचं नाही."

"का पण?"

"दारातून कुणी तुला येते म्हणून सांगून गेलं, तर तू काय करतेस?"

"वाट बघते."

"मग," म्हातारी म्हणाली आणि कामाला लागली.

करवतीचा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नव्हता. पण विळा पात्याची बाजू वर करून ठेवत नाहीत, तसा तिनं हा नियम पाळला. ठमीलाही पहिल्याच दिवशी बजावला. ठमीच्या तोंडात मात्र येते बसलेलं. दुकानदाराला येते, बसच्या कंडक्टरला येते. नवरा वारला त्या दिवशी दवाखान्यातून निघताना नर्सला म्हणाली होती, येते हं.

एका संध्याकाळी बंद व्हायची घंटा झाली. दोघी दाटीत होत्या. ठमीनं हातांची माती झटकली, पदर सोडला, आणि पाहुणचार घेऊन उठावं तशी त्या रांगेकडे मान लववून म्हणाली, "बरं, येते हं."

करवतीनं तिच्या पाठीत धपाटा घातला. "जाते म्हण! आधी जाते म्हण!"

"जाते गं बाई, जाते!" ठमी पाठ चोळत हसत सुटली. "मेलेल्या माणसांशी कसलं मेलं एवढं व्याकरण?"

करवतीलाही हसू आलं. फाटकापर्यंत दोघी हसत गेल्या.

३

दाटीत विळा चालत नसे. दगडांच्या फटीतून हात आडवा घालून गवत बोटांनी उपटावं लागायचं. त्यातही दोन दगड महाखट. एकाला बायका जाडी म्हणत, दुसऱ्याला वाकडी. त्या दोघींच्या मधून हात काढताना पेरं सोलून निघायची. करवतीच्या उजव्या हाताची सालं वर्षानुवर्षं तिथंच गेली होती.

त्या संध्याकाळनंतर काही दिवसांनी ठमीला तिनं त्या फटीत कामाला लावलं आणि स्वतः वाटेवरची पानं झाडत राहिली. पलीकडून आवाज आला, खर्र, खर्र. करवत दोनदा खराटा फिरवून थांबली. तो विळ्याचा आवाज होता.

"विळा कशाला मारतेस? दगडावर आपटून धार जाईल त्याची."

"कुठं आपटतोय? जातोय की मस्त," ठमी म्हणाली. "तू उगाच बाऊ करत होतीस ताई. माझ्यासारखी नाजूक बाई यायला पाहिजे होती."

नाजूक! करवत काहीतरी झोंबणारं बोलणार होती, पण ती फटीकडे बघत राहिली. जाडी आणि वाकडीच्या मधून विळा सहज मागेपुढे होत होता. तिनं मनाशी म्हटलं, विळा झिजलाय. धार लावून लावून पातं राहिलंय किती? संध्याकाळी तिनं त्या फटीत स्वतःचा हात घातला. आडवा नाही, पसरून. कुठंही लागला नाही.

ऊन फार पडलं की माती आकसते, तिनं स्वतःला सांगितलं. आकसली की दगड हलतात. त्यात काय.

मग पाऊस झाला, माती फुगली. आणि पावसानंतर पहिल्याच सकाळी ठमी एका चाकाची ढकलगाडी घेऊन, गाणं गुणगुणत, जाडी आणि वाकडीच्या मधून सरळ पलीकडे गेली.

४

मुकादम पोट सुटलेला, मनानं वाईट नसलेला माणूस होता. कुठल्याही कटकटीवर त्याचं एकच औषध, टेकडी. पाणी तुंबलं, टेकडीमुळे. झाड पडलं, टेकडीमुळे.

"उतार आहे बाई. जमीन सरकते. जुन्या जागेत व्हायचंच."

"उताराला जमीन सरकली तर खाली सरकेल ना?" करवत म्हणाली. "ही बघा. जाडी सरकलीय इकडे, वाकडी तिकडे. दोन्हीकडे उतार असतो होय?"

मुकादम वाकला. दगडांच्या बुडाशी हिरवं शेवाळ होतं, एकसंध, कुठं तडा नाही, माती उकरल्याची खूण नाही. जसे काही दगड जन्मापासून तिथंच होते. तो कंबर धरून उठला.

"मला तर हे आधीपासून असंच वाटतंय."

"तुम्हाला कसं वाटेल? तुम्ही इथं येता कधी? तुमचं बूड त्या खुर्चीत, नि आमची पेरं या फटीत."

"जागा झाली तर बरंच झालं ना? काम सोपं झालं. काम अवघड झालं तरी तुम्ही ओरडता, सोपं झालं तरी ओरडता. आम्ही करायचं तरी काय?"

ठमी पदराआड हसत होती. मुकादम गेल्यावर म्हणाली, "बरोबर बोलला की बिचारा."

करवत रांगेच्या टोकाकडे निघाली. एक खूण तिची तिला माहीत होती. रांगेतला शेवटचा दगड आणि भिंत, यांच्यामध्ये सांद होती. त्यात ती आपला जुना खराटा उभा ठेवायची, लांब दांड्याचा. रोज ठेवायची, रोज काढायची.

खराटा तिथंच होता. तिनं दांडा धरून ओढला. निघेना. दोन्ही हातांनी ओढला, पाय भिंतीला लावून ओढला. शेवटचा दगड भिंतीला इतका चिकटला होता की दांडा त्यात चिमटला गेला होता. रांगेच्या दुसऱ्या टोकाचा दगड वाटेच्या कडेवर येऊन उभा होता. काल तिथं गवताचा पट्टा होता. तो तिनं स्वतः कापला होता.

म्हणजे जमीन कुठं गेली नव्हती. मधल्या दोघींपासून सगळ्या बाहेरच्या अंगाला सरकल्या होत्या, थोड्या थोड्या. ठमी बसमध्ये चढली की सरकतात तशा.

हे करवतीच्या मनात आलं. तिनं तो विचार झटकला. तो पुन्हा आला.

५

फाटकाजवळ दगडाची मोठी फुटकी कुंडी पडून होती. करवतीनं गाडीवाल्या गड्याला चार शब्द सुनावून ती दाटीत आणवली आणि जाडी-वाकडीच्या बरोबर मधे बसवली. हलवायला गडी लागावा अशी जड. त्यात तिनं काटेरी रोपही लावलं.

"शोभा आली," ठमी म्हणाली.

सकाळी कुंडी होती तिथंच होती. काटेरी रोप होतं. आणि कुंडीच्या शेजारी, माणूस आरामात मावेल एवढी, नवी मोकळी जागा होती.

पण करवतीचा जीव टांगणीला लागला तो जागेनं नव्हे, ठमीनं. पहिले काही दिवस ही बाई दाटीत एकटी थांबायला घाबरायची. आता दुपारचा डबा घेऊन तिथंच जायची. एकदा करवत शोधत गेली तर ठमी त्या जागेत, कुंडीला पाय लावून, कुशीवर गाढ झोपलेली. हात गालाखाली. लहानपणी आईच्या शेजारी झोपायची तशी. करवतीनं दंडाला धरून ओढून उठवलं. दंड गार होता, माठासारखा.

"अगं, लागला डोळा," ठमी डोळे चोळत म्हणाली. "इथं फार छान झोप लागते ताई. घरी मेली लागत नाही. कुणीतरी दोन्हीकडून पांघरूण खोचल्यासारखं वाटतं."

"उद्यापासून तू वरच्या पायरीवर."

"कुणी सांगितलं?"

"मी."

मुकादमानं वाद नको म्हणून ठमीला वर पाठवलं, संगमरवरात, सावलीत. दुपारी ती पायऱ्या उतरून, वर्तुळाला वळसा घालून, डबा घेऊन खाली हजर. करवत भांडली. मग तिनं ठमीची पिशवी भरून तिला मावसबहिणीकडे दुसऱ्या गावी धाडलं, महिनाभर राहा म्हणून. दुसऱ्याच दिवशी पिशवीसकट ठमी दफनभूमीच्या फाटकात उभी.

"घरी तरी जायचंस आधी."

"करमेना गं," ठमी म्हणाली. तिची नजर करवतीवर नव्हती. झाडांच्या रांगेतून पार खाली लागली होती. "सारखं वाटत होतं, कुठंतरी जायचं सांगून ठेवलंय आणि उशीर होतोय."

करवतीनं आयुष्यात प्रथमच शेवटचा शब्द सोडून दिला.

६

नियम सांगणारी म्हातारी आता मुलाकडे असायची, जिना चढून एका छोट्या खोलीत. पंखा, औषधांच्या बाटल्या, भिंतीकडे सरकवलेली खाट. सून दारातच म्हणाली, "ओळखत नाहीत हो कुणाला. मला आई म्हणतात."

करवत उभीच राहिली. स्वतःचं नाव सांगितलं, विळ्याची आठवण दिली, कारंज्याची, टेकडीची. म्हातारी पंख्याकडे बघत होती. सून चहा टाकायला आत गेली.

"माझी बहीण तुमच्या जागी लागलीय," करवत म्हणाली. जागी हा शब्द तिचा तिलाच टोचला. "ती चुकून बोलली. येते म्हणाली त्यांना."

म्हातारीनं मान वळवली. डोळे लख्ख झाले होते.

"मधून ढकलगाडी जाते?"

करवत खाटेजवळ सरकली. गाडीचं ती चकार शब्द बोलली नव्हती. "जाते. सरळ जाते."

"आडवी?"

"आडवी नाही जात."

"मग आहे अजून थोडा वेळ."

"पण काहीतरी करता येत असेल ना? शब्द मागे घ्यायचा. त्यांना काही द्यायचं, समजूत काढायची. मी रोज..."

"तू मध्ये बोलू नकोस," म्हातारी म्हणाली.

कामावर असताना ती करवतीला दिवसातून दहादा हेच म्हणायची. जुनी सवय, असं समजून करवत गप्प झाली.

"रागावलेली असती तर समजूत काढता आली असती," म्हातारी सावकाश म्हणाली. "ती रागावलेली नाहीत गं. चांगली आहेत. दाटीतली माणसं. त्यांना ठाऊक आहे जागा नसली की कसं होतं ते. कुणी येते म्हणालं की जागा धरून ठेवतात."

मग तिची नजर खाटेच्या रिकाम्या बाजूवर गेली, भिंतीकडच्या, आणि ती त्या बाजूची चादर तळहातानं सारखी करू लागली. करत राहिली. करवतीनं आणखी चार प्रश्न विचारले, चिडून विचारले, रडकुंडीला येऊन विचारले. म्हातारी तिला आई म्हणाली आणि पाणी मागितलं.

निघताना उंबऱ्यात करवतीच्या तोंडून सवयीनं निघालं, "येते." तिनं जीभ चावली.

७

त्या दिवशी घंटेच्या आधीच तिनं ठमीला पुढे पाठवलं. "थांब्यावर जाऊन उभी राहा. बस आली तर अडवून ठेव."

"बस अडवायला मी काय वाघीण आहे? ते तुझं काम," म्हणत ठमी गेली.

अजून उजेड होता. पिवळा, लांबट उजेड, टेकडीवरून उतरत आलेला. वरचे घुमट सावलीत गेले होते आणि दाटीतला एकेक दगड मात्र स्पष्ट दिसत होता. करवत जाडी आणि वाकडीच्या समोर जाऊन उभी राहिली. भांडायला उभी राहायची तशीच, कमरेवर हात ठेवून. मनात सगळं ठरवून आली होती. वाटेत चार वेळा स्वतःला वेडी म्हणून झालं होतं. दगड आहेत. दगडांशी बोलायला आलीय. मुकादमानं बघितलं तर उद्यापासून आपल्यालाच वेड्यांच्या दवाखान्यात ठेवतील, तिथंही गवत असेल.

"ऐका," ती म्हणाली. तिनं घसा खाकरला. "ती खुळी आहे. जिला तिला येते म्हणते. तिच्या बोलण्याला काही अर्थ नसतो. तिचं बोलणं धरू नका. माझं धरा. मी तोलूनमापून बोलते, कुणालाही विचारा. तिला सोडा. तिच्या बदली मी येते."

काहीच झालं नाही. एक पाखरू भिंतीवरून उडालं.

"ऐकलंत का? मी येते. कबूल."

तेव्हा आवाज झाला. मोठा नव्हे. गच्च भरलेल्या बाकावर माणसं सरकताना कपड्याला कपडा घासतो ना, तसा. तो तिच्या समोर सुरू झाला आणि रांगेतून एकाकडून दुसऱ्याकडे गेला, जसं एकीनं दुसरीला कोपरानं ढोसावं, दुसरीनं तिसरीला. तिनं एकही दगड हलताना पाहिला नाही. पुढे कितीदा तिनं आठवून पाहिलं, नाही पाहिला. तिला दिसलं ते गवत. दगडांच्या मधलं गवत एकेक करून वाकत गेलं, भिंतीकडे. वाऱ्यानं नव्हे. वारा नव्हताच.

आणि रांगेच्या टोकाला, भिंतीशी, खराट्याचा दांडा कट्कन मोडला.

करवत पळाली नाही. ती उलटी, मागे मागे चालत वाटेपर्यंत आली. वळणापाशी तोंडात आलेलं जाते तिनं म्हणून पाहिलं. म्हटलं की नाही, तिचं तिला कळलं नाही.

बस अडवून ठमी पायरीवर उभी होती, कंडक्टरशी हसत. "काय गं, पांढरीफटक झालीस?"

"काही नाही," करवत म्हणाली. तिनं ठमीचा दंड धरला. दंड कोमट होता. चक्क कोमट. रस्ताभर तिनं तो सोडला नाही. बरं झालं, तिला वाटत होतं. काय व्हायचं ते माझं होवो. ही सुटली.

८

सकाळी उठेपर्यंत ठमी निघून गेली होती. चूल नाही, चहा नाही, पांघरुणाची घडी मात्र नीट घातलेली. करवत पुढच्या बसनं गेली, उभी. फाटकातून झाडांच्या रांगेत शिरली तेव्हा ती चालत होती. कारंज्याला वळसा घालताना धावत होती. ती वळणावळणाची वाट आयुष्यात तिला पहिल्यांदा इतकी लांब वाटली. प्रत्येक वळणावर पुढचं काही दिसेना.

"ताई!" शेवटच्या वळणाच्या पलीकडून ठमीची हाक आली. खुशीतली. "लवकर ये, गंमत बघ!"

ढकलगाडी जाडी आणि वाकडीच्या मधे उभी होती. आडवी. ठमीनं तिचा दांडा धरून ती गोल फिरवून दाखवली, पोरीनं नवा परकर फिरवून दाखवावा तशी. कुठंही अडली नाही. फुटकी कुंडी रांगेबाहेर वाटेवर आणून ठेवलेली होती. तिच्यातलं काटेरी रोप कुणीतरी उपटून, वाळायला नको म्हणून, बाजूच्या मातीत नीट लावलं होतं.

"तू काढलीस कुंडी?"

"मी? मला हलेल ती?" ठमी म्हणाली. "बघ तरी किती मोकळं झालंय. मुकादमाला आता काय, घरसुद्धा बांधता येईल इथं."

करवतीनं जागेकडे बघितलं. तिला मोजायची गरज नव्हती. लहानपणापासून एका अंथरुणावर झोपलेल्या दोन बायकांना आपल्याला किती जागा लागते ते डोळ्यांनीच कळतं. त्यांनी ठमीची जागा काढून घेतली नव्हती. तशी माणसं नव्हती ती. चांगली होती. त्यांनी आणखी सरकून घेतलं होतं.

"चल," करवत म्हणाली. "चल इथून. आपण काम सोडू. आत्ता. गाव सोडू." बोलता बोलताच तिला ऐकू येत होतं की आपल्या आवाजात धार नाही. करवतीचे दात गेले होते. ती ठमीचा हात धरून ओढू लागली, आणि ठमी ओढली जाईना. हटून नाही, हसून. रडक्या पोराचं हात धरणं मोठ्यांनी चालवून घ्यावं तसं तिनं ते चालवून घेतलं. हात पुन्हा माठासारखा गार होता.

"दमलीस तू," ठमी म्हणाली. "किती वर्षं उभीच आहेस."

तिनं गाडी बाजूला लावली. गवतावर पदरानं झटकल्यासारखं केलं, बूड टेकलं, पाय लांब केले, आणि एका कुशीला सरकून शेजारच्या मोकळ्या जमिनीवर थाप मारली.

"ये ताई, बस. पुरतंय दोघींना."

करवतीनं मागे बघितलं. वाट वळणाशी संपत होती. त्यापुढे काय आहे ते, ज्यानं ती आखली त्याच्या मनाप्रमाणे, दिसत नव्हतं. घंटा व्हायला अख्खा दिवस होता. मुकादम त्याच्या खुर्चीत असेल. ओरडलं तर टेकडीपर्यंत ऐकू जाईल, आणि टेकडी कुणाचं काय करणार होती. ठमीला एकटीला इथं टाकून जायचं, हे तर तिच्या डोक्यातसुद्धा शिरेना.

तिचे गुडघे वाजले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ती कामावर बसली.

गवत दवानं ओलं असायला हवं होतं. ते कोरडं होतं, आणि खालची जमीन ऊबदार, आत्ताच कुणीतरी उठून बसायला जागा दिल्यासारखी.